रिकाम्या गाडीचं वेळापत्रक

माझ्या नातीनं एक जानेवारीला जाहीर केलं, की ती वर्षभर रोज हजार शब्द लिहिणार. कॉलेजातल्या सात-आठ जणींनी मिळून मोबाइलवर गट केला, कुणी किती लिहिलं त्याचा तक्ता केला आणि त्यात हिरव्या खुणा पडायला लागल्या. अकराव्या दिवशी हिच्या नावापुढं खूण पडली नाही. बाराव्या दिवशीही नाही. संक्रांतीला गावी आली ती तोंड पाडूनच. तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाली, "आबा, माझ्यात ते नाहीच."

"ते म्हणजे काय गं?"

"मोटिव्हेशन."

मी तेहतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो. 1983 ला आटपाडी आगारात लागलो, 2016 ला खांद्यावरची पिशवी उतरवली. वेबिलात, म्हणजे कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदात, रकाने खूप असायचे. तिकिटाचा पहिला नंबर, शेवटचा नंबर, टप्पा, रोकड, सवलतीचे प्रवासी. मोटिव्हेशनचा रकाना मी कधी भरलेला नाही.

तरी या विषयावर बोलायचा थोडा हक्क मला आहे असं वाटतं. मी लेखक नाही. माझं पुस्तक नाही, होईल असंही दिसत नाही. पण घरात ट्रंकेत एक्केचाळीस वह्या आहेत, दोनशे पानी, 1991 पासूनच्या. आणि आजकाल जो उठतो तो लिहायचं ध्येय ठरवतो, त्यासाठी पैसे भरून शिबिराला जातो, प्रमाणपत्र घेऊन येतो आणि फाल्गुनापर्यंत थंड होतो, ते बघून एका जुन्या वाहकाला जे वाटतं ते सांगावंसं वाटलं.

आमच्या भागात एस.टी.ला सवत आहे, वडाप. बाहेरच्यांसाठी सांगतो: वडाप म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी जीप. ती स्टँडच्या बाहेर उभी असते, पोरगं गावाचं नाव घेऊन ओरडत असतं आणि जीप भरल्याशिवाय हलत नाही. आठ जण झाले तरी अजून दोघं येतील म्हणून थांबते. आत बसलेला माणूस घामानं निथळतो, उतरतो, चहा पितो, परत बसतो. भरली की मात्र अशी सुटते, की विचारू नका. एस.टी.चं उलट. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली तेव्हापासून तिचा कायदा एकच: फळ्यावर लिहिलेल्या वेळेला निघायचं. (निदान निघायचं असतं. उशिराबद्दल मला पत्रं लिहू नयेत, मी आता पेन्शनीत आहे.) पावणेसहाची गाडी पावणेसहाला. आत तीन माणसं असोत, नाहीतर एक म्हातारी आणि तिची कोंबडी.

लिहिणारी बहुतेक माणसं वडापसारखी लिहितात. विषय सुचला, बसा. मूड आला, बसा. कुणी कौतुक केलं, बसा. एवढं सगळं भरलं की सुसाट. माझ्या नातीनं पहिल्या चार दिवसांत सहा हजार शब्द लिहिले होते, ते याच हिशेबानं. मग जीप रिकामी राहिली आणि पोरगी स्टँडच्या बाहेर उन्हात उभी.

एस.टी.त एक शब्द आहे, भारमान. गाडीत बसायच्या जागा किती आणि त्यातल्या भरल्या किती, त्याची टक्केवारी. साहेब लोक भारमानावरून रागवायचे. पण पहाटे आगारातून गाडी काढताना माझ्या हातात काय असायचं? वेळ. भारमान माझ्या हातात नव्हतं. वाटेत कुठल्या फाट्यावर कोण हात करेल ते मला कसं कळणार? म्हणून कंडक्टर आकडा आधी ठरवत नाही, मागाहून लिहितो. आमचा टप्पा सहा किलोमीटरचा. टप्पा आला की वेबिल बंद करायचं, कुठून कुठपर्यंत कुठली तिकिटं गेली ते मांडायचं आणि पुढं जायचं. मध्येच चेकर चढला तर तिकिटं आणि वेबिल जुळलं पाहिजे, एवढीच अट. रोज हजार शब्द हे ठरवणं म्हणजे आज करगणीच्या फाट्यावर चौदा माणसं चढणार, असं पहाटेच वेबिलात लिहून ठेवणं आहे. चढली नाहीत तर लबाडी करावी लागते. नातीनं ती केली होती. नवव्या दिवशी तिनं स्वयंपाकाच्या पुस्तकातली पुरणपोळीची कृती उतरवून शब्द पुरे केले होते. तिनं स्वतःच सांगितलं आणि हसली. तेवढ्यावरून मला वाटलं, हिचं काही बिघडलेलं नाही.

माझं वेळापत्रक मात्र मी ठरवलं नव्हतं. ते एका ड्रायव्हरनं ठरवलं.

मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगावं लागतं. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन गावात जायचं, रात्री तिथंच झोपायचं आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघायचं. झोपायचं गाडीत, नाहीतर देवळात. 1991 साली मला अशाच एका माणदेशी गावाची मुक्कामी ड्युटी होती. पावणेआठला गाडी पोचायची. गावात दिव्यांचा लपंडाव. करायचं काय? म्हणून गाडीतला दिवा लावून मी वहीत काहीबाही लिहायला लागलो. ड्रायव्हर डबा खाऊन मागच्या बाकावर आडवा व्हायचा आणि ओरडायचा, "मास्तर, बॅटरी उतरंल! सकाळी धक्का कोण मारणार, तुमचं पुस्तक?" शेवटी तह झाला. अर्धा तास दिवा. त्याच्या घड्याळात अर्धा तास झाला की तो उठून दिवा घालवायचा. वाक्य अर्धं असलं तरी.

त्या अर्ध्या वाक्यांचा मला नंतर फार उपयोग झाला. दुसऱ्या दिवशी वही उघडली की समोर अर्धं वाक्य असायचं. ते पुरं करायला सुचायची गरज नसते. पुरं केलं की गाडी आपोआप गिअरमध्ये पडायची.

पण लिहायचं काय? हा मोठा घोळ होता. आमच्या आटपाडी तालुक्यातलं माडगुळं हे व्यंकटेश माडगूळकरांचं गाव. त्यांची ‘माणदेशी माणसं’ 1949 सालीच आली. शंकरराव खरातही आटपाडीचेच. म्हणजे आमच्या मातीतली माणसं दोघा थोरांनी आधीच लिहून ठेवलेली. माझ्या वाट्याला काय, तर उरलीसुरली. मी पहिले काही महिने जे लिहिलं ते माडगूळकरांची नक्कल होती, आणि नक्कल किती वाईट असू शकते याचा तो नमुना आहे. पहिली वही मी कुणाला दाखवत नाही.

त्या गावात एक निवृत्त गुरुजी होते. रात्री गाडी आली की पारावर येऊन बसायचे, वर्तमानपत्र मागायचे. आदल्या दिवशीचं असलं तरी चालायचं. एकदा त्यांना मी लिहिताना दिसलो. म्हणाले, "बघू." मी वही दिली. तेव्हा मी एका डब्याबद्दल लिहीत होतो. फाट्यावर एक बाई रोज पहाटे उभी असायची. तिचा मुलगा आटपाडीला खोली करून हायस्कुलात शिकायचा. ती डबा फडक्यात बांधून गाडीत द्यायची, मुलगा स्टँडवर येऊन घ्यायचा आणि संध्याकाळी रिकामा डबा परत माझ्या हवाली करायचा. असे डबे एस.टी.नं किती वाहिले त्याची नोंद नाही. तिकीट नसतं त्याला. तर मी त्या बाईवर दीड पान लिहिलं होतं. माउली, कष्ट, घट्टे पडलेले हात, डोळ्यांत पोराचं स्वप्न, वगैरे.

गुरुजींनी वाचलं, वही मिटली. विचारलं, "फडक्याची गाठ कशी होती?"

मला सांगता येईना. महिनाभर तो डबा माझ्या हातातून जात होता.

दुसऱ्या दिवशी बघितलं. आईची गाठ दुहेरी, करकचून आवळलेली, सोडायला दात लावावा लागेल अशी. संध्याकाळी डबा परत आला तेव्हा गाठ मुलाची. एकपदरी, सैल, टोकं नुसती आत खोचलेली. मी ते दोन ओळींत लिहिलं. गुरुजींनी वाचलं आणि खाली पेन्सिलीनं आणखी एक प्रश्न लिहून ठेवला: ‘ती डबा कुठल्या हातानं देते?’ झालं. पुढचा दिवस त्याच्या शोधात गेला.

साधारण पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी मुलानं डबा दिला. फडक्याला आईचीच गाठ होती, दुहेरी, तशीच आवळलेली. मला उघडून बघावं लागलं नाही. रात्री फाट्यावर ती उभी होती. मी डबा दिला. तिनं गाठीकडं बघितलं, हातानं वजन घेतलं आणि काही न बोलता गेली. त्या रात्री दिवा जायच्या आत मी चार ओळी लिहिल्या. त्याखाली गुरुजींनी काही लिहिलं नाही. वही परत देताना चष्मा पुसत बसले.

हिरव्या खुणांच्या तक्त्यात या चार ओळी कुठं बसवायच्या? हजारातले तीस-पस्तीस शब्द. नापास.

गुरुजी आठवड्यातून दोन-तीनदा वही बघायचे, पुढं माझी ड्युटी बदलली तेव्हा महिन्यातून एकदा. पानाच्या तळाशी एक प्रश्न, एवढाच त्यांचा मोबदला. ‘छान’ हा शब्द मला त्यांच्याकडून एकदाही मिळाला नाही. आता मागं वळून बघतो तेव्हा वाटतं, छान म्हटलं असतं तर मी तिथंच थांबलो असतो. छान म्हणजे शेवटचा स्टॉप, तिथून गाडी परत फिरते. प्रश्न मात्र दुसऱ्या दिवशीच्या फेरीपर्यंत टोचत राहायचा. लोक ज्याला उत्साह म्हणतात तो माझ्याकडं एवढाच होता: काल जे बघायचं राहिलं ते आज बघायचं.

2004 ला गुरुजी गेले आणि माझं लिहिणं थांबलं. चौदा महिने. वेळ होता, वही होती, वेबिलाचं काम तर हातच करायचा. पण बघणार कोण? इथं मला माझ्याच बोलण्यातली एक गोष्ट दुरुस्त करायला हवी. रिकामी गाडीही वेळेवर सोडायची हे खरं, पण कायमच रिकामी धावली तर ती फेरी एक दिवस बंद होते. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. पाच-सहा वाड्यांच्या फेऱ्या भारमान नाही म्हणून बंद झाल्या आणि तिथली पोरं सायकलवर आली. लिहिणाऱ्यालाही निदान एक प्रवासी लागतो. शंभर नकोत. शंभर असले की तो त्यांच्याकडं बघत बसतो, रस्त्याकडं नाही. पण एक हवा, आणि तो पुढच्या स्टॉपला उतरणारा नको.

ते चौदा महिने कसे संपले? मोठं काही घडलं नाही. ट्रंक आवरताना जुन्या वह्या हाताला लागल्या आणि मला माझंच अक्षर वाचता येईना. कागद वाचवायला तरुणपणी मी मुंगीएवढं अक्षर काढायचो. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. तो मी तेव्हा नुसता वाचला होता. समर्थ त्यात बजावतात, की तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही, मध्यम लिहावं. पानाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडत नाही. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकाच टाकानं लिहिल्यासारखं दिसावं. आजची ध्येयवाली मंडळी ज्याची एवढी चिंता करतात ते, म्हणजे रोज किती लिहावं आणि मन लागत नसलं तर काय करावं, त्या समासात नाही. चिंता आहे ती वीस-तीस वर्षांनी हे कोण वाचणार याची. मी भिंग आणलं आणि 1991 च्या वह्या मोठ्या अक्षरात उतरवायला बसलो. उतरवताना गुरुजींचे पेन्सिलीचे प्रश्न पुन्हा भेटले. काहींची उत्तरं मी दिलीच नव्हती. तिथून गाडी परत सुरू झाली.

मोकळा वेळ मिळाला की लिहीन, असं म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब देतो. 2020 च्या मार्चअखेर करोनामुळं सगळं बंद झालं. एस.टी. आगारात उभी, मी घरात उभा. एवढा वेळ आयुष्यात मिळाला नव्हता. मार्चअखेरपासून दिवाळीपर्यंत माझ्या वहीत नऊ पानं आहेत. त्यातलं एक रेशनच्या यादीचं.

मराठीत लिहिणाऱ्याला खरं तर वर्षाचं वेळापत्रक आयतंच मिळालेलं आहे. का. र. मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून आपल्याकडं लेखकाचं वर्ष मार्चला नव्हे, आकाशकंदिलाला संपतं. त्याआधी हरिभाऊ आपट्यांनी 1890 ला ‘करमणूक’ काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यात क्रमशः दिली. पत्र त्यांचंच, कादंबरी त्यांचीच. हप्ता चुकला तर रागवायचं कुणावर? त्यांच्याही काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, हे वाचल्यावर मला हरिभाऊ एकदम आपल्या आगारातले वाटायला लागले. फेरी रद्द कुणाची होत नाही?

मीही एका मासिकाला एकदा गोष्ट पाठवली होती, सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं तिकीट लावलेलं पाकीट. अकरा महिन्यांनी ‘साभार परत’ आली. दुसऱ्या पानावर चहाचा गोल डाग होता. म्हणजे दुसऱ्या पानापर्यंत कुणीतरी पोचलं होतं. मला तेवढ्यानं बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मग मी पाठवणं बंद केलं. छापून येणं हे ध्येय ठेवलं असतं तर ट्रंकेत एक वही असती. काहींना छापून यायलाच हवं, त्यात चूक नाही. पण तेही भारमानासारखंच आहे. ते तुमच्या हातात नसतं, संपादकाच्या हातात असतं आणि त्याच्या दुसऱ्या हातात कप असतो.

शिबिरांबद्दल माझं भांडण एवढंच आहे, की तिथं माणसाला लगेच लेखक म्हणायला लागतात. लक्ष्मीबाई टिळकांना लिहायला-वाचायला लग्नानंतर नवऱ्यानं शिकवलं, आणि ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपानं यायला लागली 1934 ला, त्या पासष्टी ओलांडलेल्या असताना. गोडसे भटजींनी 1857 च्या धामधुमीतला प्रवास पंचवीसेक वर्षांनी लिहून काढला. तो छापून आला 1907 ला. आपण लेखक आहोत की नाही, या काळजीत ही माणसं बसली असतील असं वाटत नाही. त्यांच्याजवळ बघितलेलं होतं, आणि कुणीतरी सांगा म्हणणारं होतं.

संक्रांतीच्या त्या संध्याकाळी मी नातीला म्हटलं, तुझे ते दहा-बारा हजार शब्द दाखव. तिनं मोबाइल पुढं केला. मी म्हटलं, कागदावर. कुरकुरत दोन दिवसांनी एक मजकूर उतरवून आणला, इथल्या स्टँडवर गाड्या पुकारणाऱ्या वाहतूक नियंत्रकाबद्दलचा. त्याच्या आवाजात गावांची नावं कशी गाण्यासारखी लागतात, हजारो प्रवाशांचा तो कसा अदृश्य सोबती, असं बरंच. वाक्यं माझ्या पहिल्या वहीपेक्षा बरी होती. मी पानाच्या तळाशी पेन्सिलीनं लिहिलं: ‘दोन पुकाऱ्यांच्या मध्ये तो माइक बंद कसा करतो?’

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "आणि असं कोण विचारतं?"

मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून बाहेर आलो तर तिच्या चपला दारात नव्हत्या. नऊला परत आली, हातात भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी.

"आबा, तो बंद करतच नाही माइक. चालूच असतो. शिंक आली की नुसती मान फिरवतो, आणि ती शिंक सगळ्या स्टँडला ऐकू जाते. कुणी वरसुद्धा बघत नाही."

तेहतीस वर्षं ती शिंक मी ऐकली आहे. एक्केचाळीस वह्यांत कुठंच नाही.